साठवलेली वीज : शिशापासून लिथियमपर्यंत

काचीगुडा, नारायणगुडा, बरकतपुरा किंवा सुलतान बाजार, आपल्या मंडळींच्या कोणत्याही जुन्या घरात गेले तर जिन्याखाली किंवा मागच्या गॅलरीत ट्रॉलीवर ठेवलेला इन्व्हर्टर आणि त्याची जडशीळ बॅटरी दिसतेच. घरातले कोणीतरी दर दोन महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालते, आणि विसरले की बोलणी खाते. गेली काही वर्षे मंडळाच्या कार्यक्रमांत चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो : जुनी बॅटरी गेली, आता पुन्हा तशीच घ्यावी की लिथियमची? दुकानदार एक सांगतो, अमेरिकेतला मुलगा फोनवर दुसरेच सांगतो. दोघांचेही म्हणणे खोटे नसते. उत्तर शोधताना आम्हाला या दोन पेट्यांचा इतिहासच अधिक उपयोगी पडला, आणि त्यातला बराच भाग आपल्या हैदराबादेत व आसपास घडलेला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी तो मांडतो आहोत.

शिशाचे युग

इटलीच्या व्होल्टाने १८०० मध्ये पहिला विद्युतघट जगापुढे ठेवला. पण त्याची वीज संपली की घट संपला. वापरलेली वीज पुन्हा भरता येईल असा, प्रत्यक्ष उपयोगाचा पहिला घट फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये केला. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून त्यांनी ते सौम्य गंधकाम्लात बुडवले. पुढे १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ही बॅटरी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनू लागली. आपल्या गॅलरीतली पेटी त्याच घराण्यातली. प्रत्येक कप्प्यात साधारण २ व्होल्ट, असे सहा कप्पे म्हणजे १२ व्होल्ट. एका पट्टीवर शिसे, दुसरीवर शिशाचे ऑक्साइड. वीज वापरली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते, आणि वीज भरली की ते पुन्हा मूळ रूपात जाते.

हैदराबाद संस्थानात वीजखाते १९१० मध्ये सुरू झाले. १९२० च्या सुमारास हुसेन सागराच्या काठी कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले. आज एन.टी.आर. गार्डन आहे त्या परिसरात त्याची धुराडी होती, हे आपल्या ज्येष्ठांना चांगलेच आठवत असेल. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ मोटार बस घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. रेल्वेच्या डब्यांतले दिवे, टेलिफोन एक्स्चेंज, मोटारगाड्या, जिथे जिथे साठवलेली वीज लागे तिथे शिशाचीच बॅटरी असे. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. १९३५ मध्ये हैदराबादेत रेडिओ केंद्र सुरू झाले, पण बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. अशा ठिकाणचे व्हॉल्व्हचे रेडिओ बॅटरीवर चालत, आणि त्यांचा शिशाचा घट तालुक्याच्या गावी नेऊन भरून आणावा लागे. वीज घागरीत भरून आणावी तशी ही वाहतूक असे.

स्वातंत्र्याच्या सुमारास बॅटऱ्या देशातच होऊ लागल्या. आज एक्साइड म्हणून ओळखली जाणारी कंपनी १९४७ मध्ये स्थापन झाली. कोलकात्याजवळच्या श्यामनगरनंतर १९६९ मध्ये तिने चिंचवडला कारखाना काढला. आपल्या शहरात १९७७ मध्ये हैदराबाद बॅटरीज ही कंपनी निघाली. पुढे एच.बी.एल. या नावाने तिने विमाने, रेल्वे आणि संरक्षण खाते यांना लागणाऱ्या खास बॅटऱ्यांत नाव मिळवले. १९८५ मध्ये तिरुपतीजवळ अमरराजा कंपनीची स्थापना झाली. म्हणजे ज्या आंध्र प्रदेशात आपण १९५६ नंतर राहिलो, तो या व्यवसायाचे एक मोठे केंद्र बनला.

वीज जाण्याची वर्षे

घराघरांत बॅटरी आली ती मात्र या प्रगतीमुळे नव्हे, टंचाईमुळे आली. कंदील, मेणबत्ती आणि हातपंखा ही आपली जुनी तयारी. मग मुलांच्या परीक्षा, घरातला संगणक आणि हैदराबादचा मे महिना यांनी इन्व्हर्टर घ्यायला लावला. संयुक्त आंध्र प्रदेशाच्या शेवटच्या वर्षांत, विशेषतः २०१२ आणि २०१३ मध्ये, वीज वेळापत्रकाप्रमाणे जायची. त्या वेळी बॅटऱ्यांच्या दुकानांपुढे रांगा होत्या, आणि दोन-तीन वर्षांतच त्यातल्या पुष्कळ बॅटऱ्या बसल्या. आम्ही त्या वेळी कंपन्यांना आणि दुकानदारांना नावे ठेवली. खरे कारण शिशाच्या स्वभावात होते.

शिशाची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास वीज जात असेल, तर ती कधीच धड भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की पट्ट्यांवरचे सल्फेट कडक होत जाते आणि मग ते परत शिसे व्हायला तयार होत नाही. त्यात आपला उन्हाळा. २५ अंशांच्या वर तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. बंद गॅलरीत मे महिन्यात काय होत असेल ते सांगायला नको. थोडक्यात, जिच्यासाठी आपण ती घेतली होती त्या भारनियमनानेच तिचा बळी घेतला.

या टंचाईवर उतारा पडला त्यात एक धागा आपल्या जिव्हाळ्याचा आहे. दक्षिण भारताची वीजवाहिन्यांची जाळी तोवर उर्वरित देशापासून काहीशी वेगळी होती. एका बाजूची जास्तीची वीज दुसऱ्या बाजूला हवी तेवढी नेता येत नसे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि सारा देश एका तालावर चालणाऱ्या एकाच जाळ्यात आला. एके काळी निजामाच्या राज्यातले रायचूर आणि त्याच्या सीमेपलीकडचे सोलापूर, यांच्यामधून हा दुवा जोडला गेला. जून २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि त्यानंतर शहरातले भारनियमन थांबले. आता आपल्याकडे वीज जाते ती मुख्यतः वादळात झाड पडले म्हणून किंवा दुरुस्तीसाठी.

लिथियमचा प्रवेश

याच सुमारास, आपले फारसे लक्ष नसताना, दुसरी बॅटरी आपल्या खिशात आली होती. मोबाइलची बॅटरी लिथियमची असते. लिथियम हा सर्वांत हलका धातू आहे. शिसे पाण्याच्या अकरा पट जड, तर लिथियम पाण्याच्या निम्म्या वजनाचे. त्यावर चालणारा घट बनवण्याचे मूळ काम १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेलकंपनीत केले. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी त्यासाठी कोबाल्टयुक्त पदार्थ शोधला. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी सुरक्षितपणे वापरता येईल असा घट केला आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळालेल्यांत सर्वांत वयस्क.

आपल्या घराशी ज्याचा संबंध आहे तो शोध मात्र त्यानंतरचा. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्टऐवजी लोह आणि फॉस्फेट वापरता येते, हे दाखवले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पहिले नाव अक्षय पाढी यांचे आहे आणि दुसरे नंजुंडस्वामी यांचे. दोघेही आपल्याकडचे, पण नोबेलच्या बातम्यांत त्यांची नावे क्वचितच आली. लोह स्वस्त, मुबलक, आणि हा पदार्थ तापला तरी कोबाल्टच्या मानाने सहज पेट घेत नाही. आज इन्व्हर्टरसाठी जी लिथियम बॅटरी विकली जाते ती बहुधा याच लोह-फॉस्फेट जातीची असते. दुकानात तिला ‘एल.एफ.पी.’ म्हणतात.

सुरुवातीला हे सारे आवाक्याबाहेरचे होते. एक युनिट वीज साठवणाऱ्या लिथियमच्या संचाची जगातली सरासरी किंमत २०१० मध्ये ११०० डॉलरच्या घरात होती. २०२० मध्ये ती १३७ आणि २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. घरगुती इन्व्हर्टरला लिथियम परवडण्याचा प्रश्न निघाला तो या घसरणीमुळे.

दोन पेट्यांचा हिशेब

आता प्रत्यक्ष तुलना करू. आपल्याकडची नेहमीची शिशाची ट्युब्युलर बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच. गुणाकार केला तर १८०० वॉट-तास, म्हणजे १.८ युनिट. पण ती दर वेळी तळापर्यंत रिकामी केली तर लवकर जाते. ती टिकावी असे वाटत असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे हाती लागते ०.९ युनिट. लिथियमची १२.८ व्होल्ट, १०० एएच बॅटरी कागदावर १.२८ युनिटचीच, पण तिच्यातले ८०-९० टक्के रोज बिनघोर वापरता येते. म्हणजे एक युनिटहून थोडे जास्त. आकड्याने लहान असलेली पेटी कामाला मोठी ठरते. दुकानात केवळ ‘किती एएच’ एवढेच विचारणारा इथे फसतो. तीन पंखे, चार दिवे आणि वायफाय असा तीनशे वॉटपर्यंतचा भार दोन्ही पेट्या साधारण तीन तास ओढतात.

फरक पुढे दिसतो. शिशाची पेटी पन्नास-साठ किलोंची, दोघांशिवाय हलत नाही. लिथियमची बारा-पंधरा किलोंची. एक भरायला दहा-बारा तास, दुसरी योग्य चार्जरवर दोन-चार तासांत भरते. शिशात शंभर युनिट भरले तर ऐंशीच्या आसपास परत मिळतात, लिथियममध्ये पंचाण्णवच्या आसपास. लिथियमला पाणी घालावे लागत नाही, आम्लाची वाफ नाही, धोतराला किंवा साडीला भोके पडत नाहीत. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे बिघडत नाही.

आयुष्यातला फरक मात्र समजून घेण्यासारखा आहे. शिशाच्या बॅटरीत प्रत्येक वेळी पट्टीचा पदार्थच बदलतो आणि पुन्हा घडतो. दर खेपेला त्यातला थोडा झडून तळाशी बसतो. लिथियममध्ये आयन एका बाजूच्या पदार्थाच्या थरांतून निघून दुसरीकडच्या थरांत जाऊन बसतात आणि परत येतात. घर तेच राहते, बिऱ्हाड तेवढे हलते. म्हणून चांगली शिशाची बॅटरी निम्मी वापरून हजार-बाराशे वेळा भरता येते, तर लोह-फॉस्फेटची तीन हजारांहून अधिक वेळा. रोज वापरली तर एक तीन वर्षे, दुसरी आठ-दहा वर्षे.

वाहनांत तर तुलनाच उरत नाही. मार्च २०१९ मध्ये आपल्या विमानतळाच्या मार्गावर ४० विजेच्या बस धावू लागल्या. बसमध्ये तीनशे युनिट साठवायचे असे धरले, तर शिशाच्या बॅटऱ्यांचेच वजन आठ ते दहा टन होईल. मग प्रवाशांना जागा कुठे? १९३२ च्या २७ बसपासून इथवरचा प्रवास आपल्याच रस्त्यांवर झाला आहे.

दोन्हींची काळी बाजू

नव्याचे कौतुक करताना १२ सप्टेंबर २०२२ ची रात्र विसरता येणार नाही. सिकंदराबादच्या एका लॉजच्या खालच्या भागात इलेक्ट्रिक स्कूटरचे दालन होते. तिथे आग लागली आणि धूर जिन्याने वर चढला. आठ माणसे गेली. लिथियमच्या बॅटरीत एक कप्पा बेताल तापला की शेजारचेही पेटतात आणि पाण्याने ती आग लवकर विझत नाही. त्या वर्षी देशात अशा अनेक घटना घडल्या आणि डिसेंबर २०२२ पासून वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी सुरक्षेचे नियम कडक झाले. लोह-फॉस्फेट जात तुलनेने शांत असते हे खरे, पण तिच्यावर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था निकृष्ट असेल तर तिचाही भरवसा नाही. स्वस्तात जोडून दिलेली, नाव-गाव नसलेली बॅटरी घरात आणू नये, ती जिन्याच्या तोंडाशी ठेवू नये. वाट एकच असलेल्या आपल्या जुन्या घरांना हे जास्त लागू आहे.

शिशाचा धोका असा एका रात्रीत दिसत नाही. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे साध्या भट्टीवरही. त्यामुळेच जुन्या शिशाच्या बॅटरीला मोल येते. भंगारवाला ती पैसे देऊन नेतो आणि त्यातले शिसे नव्या बॅटरीत परत येते. इतके चांगले पुनर्वापराचे चक्र फार थोड्या वस्तूंचे आहे, आणि दीडशे वर्षे शिसे टिकले त्याचे हेही कारण आहे. पण ती बॅटरी अधिकृत कारखान्याऐवजी वस्तीतल्या भट्टीत गेली तर आम्ल गटारात जाते आणि शिशाची धूळ जवळपासच्या मुलांच्या रक्तात. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे. त्यांतली फार मोठी संख्या भारतातली आहे. मुलाची बुद्धी त्यामुळे कायमची मंदावते. आपण भंगारवाल्याकडून जे पाच-सातशे रुपये जास्तीचे मिळवतो, त्याची किंमत दुसऱ्याच कोणाचे तरी लेकरू मोजत असते.

लिथियमच्या बाबतीत उलटे आहे. लोह-फॉस्फेटच्या जुन्या बॅटरीत कोबाल्ट किंवा निकेल नसल्याने तिला भंगारात फारसा भाव नाही, आणि तिच्यातून माल काढण्यासाठी रासायनिक कारखाना लागतो. म्हणून उद्या त्या कोणीतरी उकिरड्यावर टाकील, ही भीती आहे. २००१ चे सरकारी नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांना लागू होते. ऑगस्ट २०२२ च्या नव्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. हा नियम आपण वापरला तरच उपयोगाचा.

आपल्या अंगणात

पुढचा अध्यायही आपल्या शेजारी लिहिला जातो आहे. मे २०२३ मध्ये महबूबनगरजवळ दिविटिपल्ली इथे अमरराजाच्या लिथियम कारखान्याची पायाभरणी झाली. दहा वर्षांत ९५०० कोटी रुपयांची गुंतवणूक त्यांनी जाहीर केली आहे. शिशाच्या बॅटऱ्यांवर मोठी झालेली कंपनीच लिथियमकडे वळली, यात काळाची दिशा दिसते. बाळापूरच्या ए.आर.सी.आय. या संशोधन संस्थेने लोह-फॉस्फेटची पूड देशात बनवण्याचे तंत्र विकसित केले आहे. कच्च्या मालाची अडचण मात्र मोठी आहे. बेगमपेटला मुख्यालय असलेल्या अणुखनिज संचालनालयाला कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात लिथियम सापडले, पण ते सुमारे १६०० टन, म्हणजे देशाच्या गरजेपुढे चिमूटभर. जम्मूतल्या रियासी इथल्या साठ्याची घोषणा फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, तो अजून जमिनीतच आहे. शिसे देशातल्या देशात फिरत राहते. लिथियमसाठी आज तरी परदेशाकडे बघावे लागते.

आणि विजेचा सर्वांत मोठा साठा अजूनही पाण्याचाच आहे, हेही ध्यानात ठेवावे. श्रीशैलमच्या डाव्या तीरावरचे ९०० मेगावॅटचे भूमिगत केंद्र पाणी खाली सोडून वीज करते आणि वीज जास्त असेल तेव्हा तेच पाणी वर चढवू शकते. महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचा असाच प्रकल्प आहे. घरची पेटी आणि कृष्णेचा जलाशय, काम एकच करतात.

मग घ्यावी कोणती?

चहाच्या वेळचा प्रश्न अजून बाकी आहे. आमचे मत असे, की लिथियमचे जे फायदे वर सांगितले ते वापरातून वसूल होतात. नुसते घेऊन ठेवल्याने होत नाहीत. ज्यांच्या घरी महिन्यातून एक-दोनदा तासभर वीज जाते, त्यांची चालू शिशाची बॅटरी ठणठणीत असेल तर ती बदलण्याची घाई करू नये. तिच्यात पाणी घालावे, तिला हवेशीर जागा द्यावी. ज्यांनी गच्चीवर सौर पॅनेल लावून वीज रोज साठवायची ठरवले आहे, ज्यांचे फार्महाऊस शहराबाहेर आहे, ज्यांचे दुकान किंवा दवाखाना रोज इन्व्हर्टरवर चालतो, त्यांनी लिथियमच घ्यावी. पहिला खर्च साधारण दुप्पट आला तरी वर्षांनी भागले की ती स्वस्त पडते.

एक तिसरा वर्ग आहे आणि आपल्यात तो वाढतो आहे. मुले बंगळुरूला किंवा परदेशी, आणि घरात सत्तरीच्या पुढचे दोघेच, कधी एकटेच. त्यांच्याकडे बॅटरीत पाणी घालायला वाकणारे कोणी नाही, साठ किलोंची पेटी ओढणारे कोणी नाही. रात्री ऑक्सिजनचे यंत्र किंवा नुसता पंखा बंद पडणे हा त्यांच्यासाठी गैरसोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो. अशा घरात वीज कमी जात असली तरी लिथियम घेणे आम्हाला योग्य वाटते. इथे वर्षांचा भागाकार करू नये. घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : जात लोह-फॉस्फेट आहे ना, आपला जुना इन्व्हर्टर तिला चालतो का, आणि हमी किती वर्षांची व लेखी आहे ना.

आणि जुनी पेटी काढाल तेव्हा ती नव्या बॅटरीच्या अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी, पावती घेऊन. रुपये थोडे कमी येतील. विसर्जनानंतर निर्माल्य कुठे टाकायचे याचा विचार आपण आता करू लागलो आहोत. घरातल्या शिशाचाही तसाच करावा, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!